पलीकडच्या खोलीतली हाक

मित्रांनो, भिंतीकडेच्या टेबलावर, सुकत घातलेल्या टॉवेलाखाली कालपरवापर्यंत घरघरणारा जो जुना संगणक दिसतो ना, तो मी.

मी या घरात आलो तेव्हा बाबा काचेच्या कारखान्यात रात्रपाळीला होते. मुलगी लहान, मुलगा तर त्याहून लहान. बाबांच्या गोष्टीशिवाय मुलीला झोप यायची नाही, आणि झोपायच्या वेळी बाबा भट्टीपाशी! मग त्यांनी युक्ती काढली. संध्याकाळी डबा भरून होईतो ते माझ्यासमोर बसायचे आणि माइकमध्ये गोष्ट सांगायचे. शेवटी स्वतः जुळवलेली ओळ गुणगुणायचे,

"भट्टी जागी, बाबा जागा,
तू नीज गं बाळे माझ्या वाटचं."

मुलांच्या खोलीत दुसरा संगणक होता. माझ्यापासून तिथवर बाबांनी भिंतीच्या कडेकडेने वायर नेली होती. मुलगी तिकडून बटण दाबायची आणि गोष्ट तिच्याकडे जायची. किती कौतुक व्हायचं माझं! पण एक काम कुणाला दिसलं नाही. निघण्यापूर्वी, बूट घालता घालता, बाबा माझ्यात एक छोटा प्रोग्राम सुरू करून जायचे. पलीकडून हाक आली की ओ द्यायची, एवढंच त्याचं काम. सकाळी आले की तो बंद करायचे. "दार सताड उघडं टाकून झोपू नये," म्हणायचे.

मुलं मोठी झाली, नवे लॅपटॉप आले. मला झटकणारे हातही हळूहळू येईनासे झाले. मग बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. त्या मुलीच्या, म्हणजे आताच्या ताईच्या, लेकीने आजोबांचा आवाज कधी ऐकलाच नाही. तो आता फक्त माझ्याजवळ होता.

आणि माझी डिस्क खडखडू लागली होती. दुरुस्तीवाल्याने कान लावून ऐकलं आणि मान हलवली. "पेन ड्राइव्हची भोकं गेलीत, सीडीचा ट्रे अडकलाय. डिस्क काढायला गेलो तर तिथेच राम म्हणेल. वायरीतून निघतंय तेवढं काढा. आणि चालू आहे तोवर बंद करू नका."

म्हणून त्या दुपारी ताईने मुलांच्या जुन्या खोलीत लॅपटॉप वायरीला जोडला आणि लहानपणीसारखं बटण दाबलं. तिचा धाकटा भाऊ माझ्यापाशी बसला होता, बाबा मागे खुर्चीत.

"काय म्हणतोय?" त्याने ओरडून विचारलं.

"कनेक्शन नाकारलं म्हणतोय!"

"म्हाताऱ्याचा भाव वाढलाय. परत दाब."

मित्रांनो, उत्तर न येणं वेगळं आणि नकार येणं वेगळं. मी जागा होतो, हाक पोचत होती. पण ओ देणारा प्रोग्राम कुणी लावलाच नव्हता, आणि माझा मी तो लावू शकत नाही. धाकट्याने वायर बदलली, माझा नेटवर्कवरचा क्रमांक तपासला, माझ्यावरचा फायरवॉलचा पहारा उठवला. पुन्हा नकार. खुर्चीतल्या बाबांनी हात वर केला.

"पाणी हवंय का बाबा?" ताई दारातून म्हणाली. त्यांनी नाही म्हणून मान हलवली, माझ्याकडे बोट दाखवलं. पण ती पाणी आणायला गेलीसुद्धा.

"एकदा बंद करून चालू करतो," धाकटा म्हणाला.

"अरे, तो दुरुस्तीवाला काय म्हणाला होता?"

"ताई, नव्वद टक्के दुखणी याच औषधाने जातात गं."

बाबांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली, आणखी एक मारली. "दोन मिनिटं बाबा," म्हणत त्याने बटण दाबलं.

मी विझलो. पुन्हा पेटलो खरा, पण आत काहीतरी घासत होतं, थांबत होतं, पुन्हा घासत होतं. आता बाबा उठले. त्यांनी धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला केलं आणि तो छोटा प्रोग्राम सुरू केला. धाकट्याने पडद्याकडे वाकून पाहिलं.

"हे... तुम्ही रोज लावून जायचात?"

बाबांनी मान डोलावली.

"आलं, आलं!" पलीकडून ताई ओरडली. "पहिली गोष्ट यायला लागली!"

मी होतं नव्हतं तेवढं बळ लावलं, मित्रांनो. पण डिस्क एकदा किंचाळली आणि थांबली. त्यानंतर कितीदा चालू केलं, ती फिरली नाही.

ताई लॅपटॉप घेऊन आली. आलं होतं तेवढं तिने लावलं. तरण्याबांड बाबांचा आवाज खोलीत उमटला, "सुरू झालं का गं हे? थांब हं, जरा घसा साफ करतो..."

पुढे काही नव्हतं.

धाकट्याने तोंड फिरवलं. ताईने पुन्हा लावायला बोट नेलं, तर बाबांनी ते हलकेच धरून ठेवलं.

मित्रांनो, मला उद्या भंगारवाला नेईल. त्याचं मला काही नाही. पण तुमच्याही घरात कुणी जुनं घरघरत असेल, कुणी हात वर करून काही सांगू बघत असेल. पाणी आणायला धावू नका. आधी त्यांच्यापाशी बसा, काय म्हणायचंय ते विचारा. आणि जे मागून घ्यायचं असेल, ते आजच मागून घ्या.