उलट्या जर्सी

कुबराने जर्सी उलटी केली आणि तशीच डोक्यातून घातली. छातीवरचं पाण्याच्या कंपनीचं नाव आत गेलं. बाहेर आल्या पांढऱ्या शिवणी आणि मानेपाशी लोंबणारं लेबल. ड्रेसिंग रूममधल्या सगळ्या जणी तिच्याकडे बघत होत्या. मग उर्वीने आपली जर्सी उलटी केली, मग मुस्कानने, मग बाकीच्या सगळ्यांनी.

बाहेर अमेरातच्या मैदानावर कॉलेजांच्या क्रिकेट फायनलसाठी कॅमेरे लागत होते. कंपनीचे लोक पुढच्या खुर्च्यांवर येऊन बसले होते.

टकटक करून रुचिर सर आत आले. कॉलेजचा क्रीडाविभाग त्यांच्याकडे होता.

"ऑल द बेस्ट म्हणायला आलो होतो. हा काय प्रकार आहे?"

"आम्ही खेळणार आहोत, सर," कॅप्टन कुबरा म्हणाली. "जाहिरात करणार नाही."

सेमीफायनलला यष्टींमागे झेप घेताना पूर्वाचा गुडघा गेला होता. कॉलेजने कळवलं, खेळ ऐच्छिक आहे, उपचाराचं घरच्यांनी बघावं. तिचे वडील रुसैलच्या एका कारखान्यात वेल्डर. ऑपरेशन लांबतच चाललं होतं. आणि त्याच पूर्वाचा झेप घेतानाचा फोटो कॉलेजच्या जाहिरातीत अझैबाच्या राउंडअबाउटपाशी झळकत होता. मुलींनी एकत्र बसून मागण्या ठरवल्या. खेळताना लागलं तर उपचार कॉलेजने करावेत. प्रायोजक कंपनीकडून जे पैसे येतात त्यात खेळणाऱ्यांचा वाटा असावा. आणि हे सगळं ठरवताना मुलींची स्वतःची कमिटी समोर बसवावी. पहिल्या दोन गोष्टी सरांनी हसण्यावारी नेल्या होत्या; तिसरीला मात्र ते बिथरले होते.

त्यांनी कुबराला पॅसेजमध्ये बोलावलं. आवाज एकदम घरचा झाला.

"हे बघ, तू आपली. तुझी पूर्ण फी माफ करतो. पूर्वाचं ऑपरेशनही बघू. पण हे कमिटी-बिमिटी, युनियन, असलं नको. ज्यांना काही हवंय त्यांनी एकेकटं येऊन भेटावं."

"एकटीच तर गेली होती पूर्वा, सर."

"तिचं बघतो म्हटलं ना!"

"आणि नेक्स्ट टाइम जिला लागेल, तिचं?"

मराठी बोलताना कुबरा नेहमी अडखळायची. आज एकही शब्द अडला नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

सरांनी फोन काढला. थोड्याच वेळात तिचे अब्बा, जहूर, स्टँडमधून खाली आले. जहूरचं अझैबात किराणा मालाचं छोटं दुकान होतं. दापोलीहून आखातात आल्यापासून त्याने तेच केलं होतं; लायसन मात्र अर्बाबांच्या, म्हणजे इथल्या स्थानिक मालकाच्या, नावावर.

"जहूरभाई, लेकीला समजवा. तुमचे अर्बाब आमच्या चेअरमनसाहेबांच्या रोजच्या बैठकीतले. दुकानाचं लायसन त्यांच्याच नावावर ना? उगाच त्यांच्या कानावर जायला नको."

जहूरचा चेहरा उतरला. तो कुबराच्या मागोमाग ड्रेसिंग रूमपर्यंत आला. दारातूनच त्याने आत पाहिलं. कोपऱ्यातल्या बाकावर, कुबड्या भिंतीला टेकवून, पूर्वा बसली होती. उलटी जर्सी तिनेही घातली होती.

"फिर बाय. पाठ कर," तो कुबराला म्हणाला.

कुबराने ओठ घट्ट मिटले. आता काढायला सांगणार. ती वळली. नाही म्हणायचं, एवढं तिचं ठरलं होतं.

जहूरने तिच्या मानेमागचं लेबल चिमटीत धरलं. खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातला खोकी फोडायचा लहानसा चाकू उघडला. लेबल कापलं गेलं.

"टोचलं असतं दिवसभर."

"जहूरभाई," रुचिर सर म्हणाले, "मी काय सांगितलं तुम्हाला?"

"ऐकलं, सर. अर्बाबांशी मी बोलेन. माझं मी बघेन." तो उर्वीकडे वळला. "ये बाय, तुझंही काढतो."

उर्वीने पाठ फिरवली. तिच्यामागे मुस्कान येऊन उभी राहिली, तिच्यामागे बाकीच्या. पूर्वाने कुबड्यांकडे हात नेला.

"तू बस," जहूर म्हणाला. "मी येतो तिथं."

बाहेरून पंचांनी टॉससाठी कॅप्टनला हाक मारली.

"सर, त्यांना जरा थांबायला सांगा," जहूर मान वर न करता म्हणाला. "अजून पुष्कळ आहेत."