मानाची चिठ्ठी

"विनी असती तर कुत्र्याचं नाव विचारलं नसतं," ऑरिन टटल म्हणाला आणि त्याने टोपी काढून काउंटरवर ठेवली.

नोरीनने पेन थांबवलं. समोरच्या कागदावर नाव, रंग, वय, लस असे रकाने होते आणि ते भरल्याशिवाय परवान्याचा बिल्ला देता येत नव्हता. कुत्रं ऑरिनच्या बुटांपाशी बसून तिच्याकडे बघत होतं.

"मला लिहावं लागतं, ऑरिन."

"मग लिही की. मी कुठे नको म्हणतोय. विनीला गावातल्या सगळ्या कुत्र्यांची नावं पाठ होती. त्यांच्या आयांचीसुद्धा."

"याचं काय नाव?"

"बिस्किट."

"आणि आईचं?" तिने उगाच विचारलं.

"तेही बिस्किटच," ऑरिन म्हणाला. "विनीला विचार हवं तर."

ईस्ट हार्लो हे अमेरिकेत व्हरमाँटच्या डोंगरातलं सहाशे वस्तीचं गाव. तिथली टाउन क्लार्क म्हणजे जन्म, मृत्यू, लग्नं, जमिनींचे दस्त आणि कुत्री या सगळ्यांची नोंद ठेवणारी एकटी बाई. गाव तिला मार्चमधल्या सभेत निवडून देतं. विनी हॅस्किन्सने ही खुर्ची अडतीस वर्षं सांभाळली. गेल्या जूनमध्ये डोळ्यांनी दगा दिला, तेव्हा तिने राजीनामा दिला आणि उरलेल्या महिन्यांपुरती नोरीन थिबोची नेमणूक झाली. उद्याच्या सभेत तिला पहिल्यांदाच गावाची मतं घ्यायची होती.

नोरीन नऊ मैलांवरच्या गावची. लग्न करून इथे आल्याला सात वर्षं झाली होती, पण त्याने काही होत नाही. ब्याण्णव वर्षांची एक म्हातारी वारली तेव्हा तिच्या मृत्यूच्या बातमीत 'मूळच्या बाहेरगावच्या' असं छापून आलं होतं. ती इथे आली तेव्हा तीन महिन्यांची होती.

ऑफिसात नोरीनने फायली लावल्या, अर्ज घरबसल्या भरता यावेत म्हणून वेबसाइट केली. ती कुणी उघडत नसे. जुना दस्त शोधायला रजिस्टर काढलं की पानामागून पान विनीचं अक्षर यायचं, टपोरं, उजवीकडे किंचित झुकलेलं, एकही खाडाखोड नसलेलं. एकदा दुपारी दार लावून नोरीनने ते अक्षर गिरवून पाहिलं होतं. मग कागद फाडून तुकडे स्वतःच्या पर्समध्ये टाकले, ऑफिसच्या टोपलीत नको म्हणून.

सगळ्यात जास्त जळायची ती विनीच्या स्वयंपाकघरावर, गाव अजून आपली कामं घेऊन तिथेच जाऊन बसायचं. संध्याकाळी घरी जाताना ती विनीच्या अंगणापाशी गाडी हळू करायची आणि आज कुणाकुणाचे ट्रक उभे आहेत ते बघायची. लग्नाचा परवाना घेऊन गेलेलं एक जोडपं तिला त्याच संध्याकाळी तिथून बाहेर पडताना दिसलं होतं. परवाना त्यांच्या हातातच होता. नोरीनने केलेलं काम ते विनीकडून तपासून घेऊन आले होते, आणि विनीला तर आता ताटातला घासही नीट दिसत नव्हता.

"तुझ्या बायकोपेक्षा ती आंधळी म्हातारी बरी वाटते यांना," सभेच्या आदल्या रात्री जेवताना ती कर्टिसला म्हणाली.

कर्टिस गावाच्या रस्त्यांवरचं बर्फ उपसायचा. बोलायचा कमी. "उद्या तू एकटी उभी आहेस. हरणार कुणाशी?"

"तिच्याशी."

"ती उभी नाहीये."

"म्हणून तर."

कर्टिस हसला. नोरीनला हसू आलं नाही. चौदा महिन्यांच्या टेसची छाती थंडीत सूं सूं वाजायची आणि तिच्या औषधांचा विमा या नोकरीवर होता. कर्टिसला विमा नव्हता. पण खरं सांगायचं तर तिच्या डोक्यात विम्याच्या आधी विनी यायची, आणि आई म्हणून तिला त्याचीही लाज वाटायची.

सभा शाळेच्या व्यायामशाळेत भरली. बास्केटबॉलच्या जाळीखाली झेंडा, त्याच्यासमोर सगळे छातीवर हात ठेवून उभे राहिले, मग लोखंडी खुर्च्यांवर बसले. बायकांनी विणकाम बाहेर काढलं. रस्त्यांचं वर्षभराचं अंदाजपत्रक दोन मिनिटांत मंजूर झालं आणि शाळेच्या घंटेला कोणता रंग द्यावा यावर तासभर भांडण झालं. नोरीन स्टेजवर बसून सगळं लिहीत होती.

जेवणाच्या सुट्टीत लांब टेबलावर घराघरातून आणलेली भांडी मांडली होती. विनीच्या घेवड्याच्या मडक्यापुढे रांग होती. नोरीनने आणलेल्या मॅकरोनीला एका कोपऱ्यात चमचा लागला होता. तो तिचाच होता.

टेस सकाळपासून किरकिरत होती. कर्टिसने खांद्यावर घेतलं, नोरीनने पाळण्यासारखं झुलवलं, काही उपयोग होईना.

"आण इकडे पोरीला," विनी पहिल्या रांगेतून म्हणाली.

"नको, तुम्हाला त्रास होईल."

"अगं, मला दिसत नाही. हात शाबूत आहेत."

विनीने मुलीला पोटाशी घेतलं, पाठीवर दोन थापा मारल्या आणि शेजारणीशी अर्धवट राहिलेलं बोलणं पुढे चालू केलं. टेस मिनिटभरात झोपली. नोरीन तिथेच उभी राहिली, घ्यायला पुढे केलेले हात घेऊन. मग ते हात तिने स्वेटरच्या खिशात घातले.

जेवणानंतर क्लार्कची निवड आली. सभापती लेलंड कोबर्न वर्षातून याच एका दिवशी बो-टाय लावायचा. त्याने नोरीनचं नाव पुकारलं, आणखी कुणी उभं आहे का विचारलं. कुणी नव्हतं.

"तर मग ज्यांची संमती आहे त्यांनी हो म्हणावं..."

"सभापती महाराज," ऑरिन उठला. "चिठ्ठ्या टाकून घ्या. विनीच्या खुर्चीचा प्रश्न आहे. नुसतं हो म्हणून मोकळं व्हायचं म्हणजे कोंबडी विकत घेतल्यासारखं होतं. थोडा मान राखू या."

त्याच्या मागून सहा-सात हात वर आले. नियमाने चिठ्ठ्या घ्याव्या लागल्या. कोऱ्या कागदाचे तुकडे वाटले गेले. या गावात, या देशातच म्हणा, मत देताना उभ्या नसलेल्या माणसाचं नावही स्वतःच्या हाताने लिहून देता येतं, आणि ते मोजावं लागतं. दरवर्षी दोन-चार लोक आपल्या घोड्याचं नाव लिहीत.

लाकडी पेटी उघडून दोन बायका स्टेजवर मोजायला बसल्या. नोरीन त्यांच्यापासून तीन हातांवर होती. एक जण चिठ्ठी उलगडून नाव हळू वाचायची, दुसरी ढिगावर ठेवायची.

"नोरीन. विनी. विनी. नोरीन. विनी."

पहिल्या दहा चिठ्ठ्यांपर्यंत नोरीनला वाटलं, ठीक आहे, म्हाताऱ्यांची हौस. पन्नाशीला दोन्ही ढीग सारखे दिसायला लागले. वाचणारीचा आवाज बारीक होत गेला. शेवटी तर ती नाव न घेता नुसतीच चिठ्ठी पुढे करू लागली. दोघींनी पुन्हा मोजलं. लेलंडने कागद घेतला, चष्मा पुसला, कागद परत वाचला.

"विनी हॅस्किन्स, चौसष्ट. नोरीन थिबो, पंचावन्न. कोऱ्या दोन."

विणकामाच्या सुयांचा आवाज थांबला.

"असं कसं?" ऑरिन म्हणाला. त्याचा चेहरा खरोखर पडला होता. "मी आपली एक मानाची म्हणून दिली. मला वाटलं, बाकीचे नोरीनला देतीलच."

"मीही तेच केलं," मागून कुणीतरी म्हणालं.

"मला वाटलं मी एकटीच."

"तिला बरं वाटावं म्हणून रे. एवढी वर्षं केलं तिने."

एकेक जण कबुली देत गेला. प्रत्येकाने विनीला एक फूल द्यावं तशी एक चिठ्ठी दिली होती आणि काम करायला नोरीन आहेच हे सगळेच धरून चालले होते. नोरीनने कर्टिसकडे पाहिलं. तो तिसऱ्या रांगेत कोपरं गुडघ्यांवर टेकून बसला होता आणि बुटांच्या नाड्या निरखत होता. तिने बराच वेळ पाहिलं. त्याने मान वर केली नाही.

"विनी," लेलंड म्हणाला, "नियमाप्रमाणे तू निवडून आली आहेस. तुला हे पद मान्य आहे का?"

विनी टेसला खांद्यावर घेऊन उठली. सगळं गाव आपल्याकडे बघतंय हे तिला दिसत नव्हतं, पण कळत होतं. तिने पाठ ताठ केली, झोपलेल्या मुलीचं डोकं नीट सांभाळलं आणि चेहरा आवाजांच्या दिशेने हळूहळू फिरवला, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. नोरीनने तो चेहरा पाहिला आणि तिला समजलं की ही बाई हो म्हणण्याचा खराच विचार करते आहे.

"चौसष्ट म्हणालास ना?"

"चौसष्ट."

"मला वाचता येत नाही, लेलंड. सही कुठे करायची तेही कुणीतरी बोट धरून दाखवावं लागतं. वाचता आलं असतं तर मी हो म्हणाले असते. उगाच खोटं कशाला बोलू. ही खुर्ची मी सुखाने सोडलेली नाही." मग स्टेजच्या दिशेने, थोडी चुकीच्या बाजूला बघत ती म्हणाली, "नोरीन, तुझ्यात काही खोट नाही, पोरी. पण मला आनंद झाला. तो मी लपवणार नाही."

"कळतं मला," नोरीन म्हणाली. ऑफिसच्या कामापलीकडे विनीशी ती पहिल्यांदाच काही खरं बोलत होती.

पुन्हा चिठ्ठ्या घ्यायला कुणाचं धैर्य होईना. गायींच्या धारा राहिल्या होत्या, मेपलची झाडं पाझरायला लागली होती, त्यांचा गोड रस गोळा करायचा होता. मग सभा कंटाळली की निघतो तो ठराव निघाला. सर्वांच्या वतीने क्लार्कने नोरीनच्या नावाचं एकच मत पेटीत टाकावं आणि निवड झाली असं समजावं. ठराव एकमताने मंजूर झाला. सर्वांत मोठ्याने हो ऑरिन म्हणाला.

क्लार्क म्हणजे नोरीनच. ती उठली. कोऱ्या कागदाच्या तुकड्यावर एकशे एकवीस लोकांच्या वतीने तिने स्वतःचं नाव लिहिलं, घडी घातली आणि तो पेटीत टाकला. लेलंडने पेटी उघडून एकुलती एक चिठ्ठी काढली आणि गंभीरपणे वाचून दाखवली. टाळ्या झाल्या. विनीनेही मुलीच्या पाठीवर हलकेच बोटं वाजवली.

नोरीन जागेवर येऊन रजिस्टरवर वाकली. लेलंड खुर्ची सरकवून तिच्या कानाशी आला.

"आधीची फेरी नाही लिहिलीस तरी चालेल. रद्दच झाली ती. पुढे कुणी वाचलं तर तुलाच..."

"सभेत झालं ते लिहायचं असतं," ती म्हणाली.

तिने ओळ आखली. 'विनी हॅस्किन्स' लिहिलं, आपल्या बारीक, सरळ, कुठेही न झुकणाऱ्या अक्षरात. पुढे चौसष्ट, आधी आकड्यात, मग अक्षरी. त्याखाली स्वतःचं नाव, पंचावन्न. कोऱ्या दोन. मग एक ओळ मोकळी सोडून तिने पुन्हा आपलं नाव लिहिलं आणि पुढे, रकान्याच्या मधोमध, 'एक'.

"पुढचा विषय," लेलंडने पुकारलं, आणि तिने पान उलटलं.