डावीकडचं दार

तंबूकाकांनी आयुष्यात सातशेच्या वर तंबू शिवले आणि त्यातला एकच चुकला, तो नेमका स्वतःचा. लग्नाच्या आठवड्यात डोकं ठिकाणावर नसताना त्यांनी कापड उलटं अंथरून कात्री चालवली, आणि दाराचा पल्ला उजवीकडे सुटायचा तो डावीकडे सुटला. गिऱ्हाइकाचा असता तर त्याच दिवशी उसवला असता. घरचा म्हणून राहिला.

तेव्हापासून एकेचाळीस वर्षं काकूंनी ते दार त्यांना ऐकवलं. "जगाची दारं उजवीकडे, आमचं डावीकडे. तंबू शिवणाऱ्याच्या घरी आले ना मी!" चारचौघांत, हटकून, आणि दर वेळी जणू आत्ताच सुचल्यासारखं. काकाही दर वेळी कपाळाला हात लावायचे. त्यांना ते ऐकल्याशिवाय करमत नसे, पण हे कबूल कोण करणार?

दरवर्षी थंडी सरली की दोघं चार दिवस या खोऱ्यात येत. खाली नदी, वर गवताचा उतार, आणि उताराच्या मध्यावर तंबूपुरती सपाट जागा. काका खुंट्या ठोकत. काकू आत मधला खांब धरून उभ्या राहत आणि हुकूम सोडत. रोज सकाळी आधी काकूच उठत, डाव्या हाताने नाड्या सोडत, पल्ला बाजूला सारत आणि म्हणत, "अहो, उठा. ऊन आलं." काका केव्हाचे जागे असत, पण हे कानावर पडल्याशिवाय उठत नसत.

दोन वर्षांपूर्वी काकूंच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटायला लागली. आधी किल्ल्या, मग शेजारणीचं नाव, मग शेजारीणच. वर्षभरात काकांवर पाळी आली. त्या त्यांना "बसा ना" म्हणायच्या, पाणी आणून द्यायच्या आणि समोर अवघडून बसायच्या. पाहुणा कधी जातो याची वाट बघावी तशा. दोन महिने हे सोसून काकांनी हट्टाने त्यांना खोऱ्यात आणलं. लेक नको नको म्हणत होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नाड्या सुटल्या, उन्हाची पट्टी पायांवर आली आणि हाक आली, "अहो, उठा. ऊन आलं." काका पांघरुणात तोंड खुपसून रडले. तो पूर्ण दिवस काकू त्यांच्या होत्या. भांडल्यासुद्धा. परतीच्या वाटेवर पुन्हा हरवल्या.

त्यानंतरचं वर्ष काका त्या एका दिवसावर जगले. पुन्हा एकदा तिथे न्यायचं, पुन्हा एकदा ती हाक ऐकायची. त्यापलीकडे त्यांना काही नको होतं.

आता शहाणपणाची गोष्ट सांगतो. डॉक्टर म्हणाले होते, घरात सगळं सोपं करा, त्यांना दारं सापडत नाहीत. खरंच होतं ते, काकू कपाट उघडून बाथरूम शोधायच्या. काकांनी दारादारांवर चित्रं चिकटवली. आणि मग, अति शहाण्याला सुचावं तसं त्यांना सुचलं, की तंबूचंही दार एकदाचं सरळ करावं. तिला तिथे तरी चाचपडायला लागू नये. आठवडाभर मशीनवर वाकून त्यांनी पल्ला उसवला, उजवीकडे लावला, डावीकडच्या जुन्या भोकांवर पट्टी चढवली. टाका असा, की बोट फिरवलं तरी लागू नये. एकेचाळीस वर्षांची चूक निघाली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसा कारागिराचा पीळ. काका स्वतःवर बेहद्द खूश होते.

लेकीने गाडीने त्यांना आणलं आणि आपला छोटा तंबू थोडा वर लावला. काकांनी कापड उलगडलं, खांब उभा केला. न सांगता काकू कापडाची सुटी कड उचलून आत शिरल्या, दोन्ही हातांनी खांब धरला आणि आतून आवाज आला, "नदीकडे कलतोय. ओढा. अजून ओढा."

काकांच्या हातातली मोगरी थांबली. जागेने काम केलं, त्यांना वाटलं. घाईघाईत त्यांनी उरलेल्या खुंट्या ठोकल्या.

लेकीने पल्ला सारून काकूंना बाहेर घेतलं आणि हातपाय धुवायला नदीवर नेलं. त्या परत आल्या तेव्हा काका मुद्दाम दारापासून दूर उभे राहिले. काकू तंबूपाशी आल्या, वाकल्या आणि त्यांचा डावा हात कापडावर गेला. नाड्या हव्या होत्या तिथे पट्टी होती. हात वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. मग त्या सरळ झाल्या आणि दोन पावलं मागे सरकल्या.

"हा आमचा नाही," त्या काकांना म्हणाल्या. "भाऊ, तुम्ही भलताच तंबू लावलात."

भाऊ!

"आमच्या तंबूचं दार डावीकडे आहे," काकू म्हणाल्या आणि त्यांना हसू आलं. "आमच्या ह्यांनी उलटं शिवलंय. जगाची दारं उजवीकडे, आमचं डावीकडे! तंबू शिवणाऱ्याच्या घरी आले ना मी!"

"आई, अगं हे बाबाच तर—"

काकांनी हात वर करून लेकीला गप्प केलं. सगळं जागेवर होतं. तो चेष्टेचा सूर, ते हसू, एकेचाळीस वर्षं, सगळं. आत जायची एकच वाट होती, आणि ती त्यांनी आठवडाभर मशीनवर बसून, मन लावून बुजवली होती. स्वतःचा आला तसा राग त्यांना आयुष्यात कुणाचा आला नव्हता.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "थांबा, करून देतो."

सुई-दोरा पिशवीत होताच, तो नसता तर ते कसले तंबूवाले. तंबूसमोर मांडी घालून त्यांनी उजवीकडचा पल्ला सोडवला आणि डावीकडची पट्टी उसवायला घेतली. आपलाच पक्का टाका, तो सहज सुटेना. कापड जुनं, दोन ठिकाणी टरकलं. दोऱ्याला मेण लावून ते एकेका जुन्या भोकातून सुई काढत राहिले. काकू घडीच्या स्टुलावर बसून देखरेख करत होत्या.

"हात बरा आहे तुमचा," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्यासारखा नाही, पण बरा आहे. ते शिवताना जीभ बाहेर काढतात. लहान पोरासारखी."

काकांनी दचकून जीभ आत घेतली. मग घाईने पुन्हा बाहेर काढली आणि मान वर केली. पण काकू तोपर्यंत नदीकडे बघायला लागल्या होत्या.

"कुठे गेलेत ते?" थोड्या वेळाने काकांनी विचारलं.

"येतील. मला सोडून कुठे जातायत?"

लेक उठून आपल्या तंबूकडे गेली. तिच्याच्याने बघवेना.

ऊन डोंगराच्या खांद्यावर आलं तेव्हा शेवटची गाठ पडली. काका बाजूला झाले. काकूंनी डावा हात नेला आणि तो जाऊन थेट नाड्यांवरच पडला. एका झटक्यात त्या सुटल्या. "हां!" काकू म्हणाल्या आणि आत गेल्या. आत अंथरुणं झटकल्याचा आवाज आला. एक घातलं. दुसरं घातलं. उश्या थोपटल्या. बाहेर काका गुडघ्यांवर हात ठेवून, श्वास धरून उभे होते. आता हाक येईल. आत्ता येईल.

पल्ला बाजूला झाला. काकूंचा चेहरा उजळला होता, गेल्या वर्षीच्या त्या सकाळी होता तसाच.

"छान झालं हं, भाऊ. अगदी आमच्यासारखं," त्या म्हणाल्या. "आता जा तुम्ही घरी. तुमची बायको वाट बघत असेल."

काकांनी सुई पिशवीत खोचली.

"बघतेय," ते म्हणाले.

"मग? बिचारीला ताटकळत ठेवू नका." त्यांनी पल्ला ओढून घेतला आणि आतून नाड्या बांधल्या. पाठोपाठ कापडाआडून आवाज आला, "आणि हे बघा, आमचे हे वाटेत भेटले तर सांगा त्यांना. म्हणावं, अंथरूण घातलंय."

काका तिथेच गवतात बसले, दाराच्या डाव्या बाजूला.

"सांगतो," ते म्हणाले.