दोन ओट्यांचा भंडारा

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याकडून कसल्या मर्दुमकीची वाट बघत बसू नका.

१९९२ साली पंचायत समितीत बायकांसाठी जागा राखीव झाल्या आणि आमच्या गणातून माझी बायको प्रमिला अपक्ष उभी राहिली. पडेल, घरी येईल, असं मी धरून चाललो होतो. ती निवडून आली. अकरा सदस्यांपैकी पाच तोताराम आबांच्या पक्षाचे, पाच अभिमन भाऊंच्या पक्षाचे, आणि अकरावी माझ्या घरात चुलीपुढे भाकरी थापत होती. सभापती कोण, हे आता तिच्या एका हातावर ठरणार होतं. पेढे वाटता वाटता मी दोनदा खळ्यावर चक्कर मारून आलो.

कारण सांगतो. आमचं खळं गावाबाहेर, धुळ्याच्या सडकेला लागून. तिथे कडब्याची गंजी रचलेली. दोन बैल आणि एक म्हैस पाऊस पडेपर्यंत त्या गंजीवरच जगणार. मागच्या निवडणुकीत गावातल्या जीवरामने एका पक्षाचे पैसे नाकारून दुसऱ्याचं काम केलं, तर आठ दिवसांत त्याची गंजी पेटली. कोणी पेटवली हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कोणीच पाहिलं नव्हतं. चैत्रात जीवराम बैल बाजारात घेऊन गेला आणि नुसते दोर हातात घेऊन परत आला. तेव्हापासून सडकेवर जीप थांबली की मी आधी खळ्याकडे बघतो.

निकालानंतर आबांनी आपले पाच सदस्य सप्तशृंगीला सहलीला नेले, भाऊंनी आपले सापुताऱ्याला. सदस्य फुटू नयेत म्हणून ही देवदर्शनं आणि थंड हवा. प्रमिलेलाही दोन्हीकडून बोलावणं आलं. ती म्हणाली, म्हैस कोण पिळेल, आणि गेली नाही. उलट तिने वहीच्या कागदावर तीन ओळी लिहिल्या. पहिली अडीच वर्षं सभापती आबांचा, नंतरची अडीच वर्षं भाऊंचा. ज्याचा सभापती नसेल त्याचा उपसभापती. आणि टँकर, रस्ते, शाळेच्या खोल्या सगळ्या गावांना पाळीपाळीने, कोणतं गाव कोणाचं हे न बघता. दोघांनी सही केली तर तिचं मत, नाहीतर कोणालाच नाही.

मी म्हटलं, तुला वेड लागलंय, ते दोघं एकमेकांच्या मयताला जात नाहीत. तिने कागदाची घडी करून डब्यात ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "दोन्हीसले एकमेकनी गरज शे. तवलगून नीट वागतीन."

गरज आहे तोवर दोघं नीट वागतील, हे तिचं खरं होतं, आणि तेच मला आज जास्त खुपतं. तिने दोघांकडेही निरोप पाठवला आणि दोघांनीही नाही म्हटलं नाही. आबा म्हणाले, बघू. भाऊ म्हणाले, पहिली अडीच वर्षं आम्हाला द्या, मग बोलू. हे लोक भाव करायला लागले होते, म्हणजे सौदा जमणार होता. दोघांनाही एका मताची भूक होती, आणि ते मत मागायचं तर एकमेकांशी बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

तेवढ्यात अभिमन भाऊंची जीप खळ्यापाशी थांबली. मी एकटाच होतो. भाऊ खाली उतरले, गंजीभोवती एक चक्कर मारली, कडब्याची एक पेंढी उपसून वास घेतला. "झुलालभाऊ, चारा यंदा झकास शे तुमना," ते म्हणाले. "जपा." बाकी काही नाही. हसले आणि गेले. उपसलेली पेंढी मी पुन्हा गंजीत खोचली.

दुसऱ्या दिवशी तोताराम आबांनी मला घरी बोलावलं. ओट्यावर चहा दिला आणि ताटलीत शपथेचा बेल-भंडारा पुढे ठेवला. बायका सदस्य झाल्या तरी शपथ नवऱ्याकडूनच घ्यायची, ही आमच्याकडची रीत. तिला कोणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. उचलला नसता तर ते मला भाऊंचा समजले असते. मी उचलला. प्रमिलेचं मत तुम्हाला, असं बोललोसुद्धा. ही बातमी कानोकान भाऊंकडे जाईल, याची धास्ती होतीच. म्हणून तिसऱ्या दिवशी मी आपल्या पायांनी भाऊंच्या ओट्यावर गेलो आणि तिथेही उचलला. घाबरलेल्या माणसाला खंडोबा समजून घेईल, असं मी स्वतःला सांगितलं. खंडोबाचं माहीत नाही, पण त्या रात्री मला झोप लागली.

त्यानंतर दोन्हीकडून बोलणं बंद झालं. प्रमिलेने पुन्हा निरोप धाडला, तर आबा म्हणे सवड नाही, भाऊ म्हणे सभेतच भेटू. ती बुचकळ्यात पडली. परवापर्यंत तर ऐकत होते, आता काय झालं, असं मलाच विचारत राहिली. मी म्हशीला पाणी दाखवायला उठलो. सहावं मत खिशात आहे असं दोघांनाही वाटत होतं, मग तडजोड कोण कशाला करेल? ती गरज मी दोन चहांवर संपवून आलो होतो.

सभेच्या दिवशी मी सभागृहाच्या खिडकीबाहेर उभा होतो. प्रांतसाहेब खुर्चीत होते, आबा आणि भाऊ आपापल्या सदस्यांच्या मागे बसले होते. प्रमिला उठली, कागद वाचून दाखवला आणि म्हणाली की दोन्हीकडून सही झाली तरच हात वर करीन. तोताराम आबा मायेने हसले. "सूनबाई, सही कशाला? झुलालने माझ्या ओट्यावर भंडारा उचललाय."

अभिमन भाऊ हसायला लागले होते. त्यांचं हसू अर्ध्यावर थांबलं. "माझ्याही ओट्यावर," ते म्हणाले.

अकराच्या अकरा माना खिडकीकडे वळल्या. इतरांच्या नजरा मी कशाबशा सोसल्या, प्रमिलेची नाही सोसली.

आबा उठले. भाऊही उठले. प्रांतसाहेबांना दहा मिनिटं मागून दोघं शेजारच्या खोलीत गेले, आयुष्यात पहिल्यांदा एका दारातून. परत आले तेव्हा सगळं ठरलं होतं. पहिली अडीच वर्षं आबांचा माणूस, नंतर भाऊंचा, उपसभापती दुसऱ्याचा. प्रमिलेच्या कागदातल्या पहिल्या दोन ओळी जशाच्या तशा होत्या. तिसरी नव्हती. दहा हात एकदम वर गेले. अकराव्या हाताची आता कोणालाच गरज नव्हती. बाहेर पडताना भाऊंचा हात आबांच्या खांद्यावर होता, आणि माझ्याजवळून जाताना दोघांनी मला नमस्कार केला. एकाची जीप आली तर दुसऱ्याकडे पळता येईल, इतके दिवस एवढाच काय तो माझा आधार होता.

एस.टी.तून उतरून आम्ही सरळ खळ्यात आलो. वाटेत ती एकदाच बोलली. "तुम्हीन दोन्हीकडे भंडारा उचला?"

मी मान हलवली. मी म्हटलं, शिव्या दे, काहीतरी बोल.

"त्या दोन्ही एक व्हयनात," ती म्हणाली. "मी तेच मांगेल व्हतं."

मग तिने पदर खोचला आणि गंजीवर चढून पेंढ्या खाली टाकायला सुरुवात केली. मी त्या डोक्यावर घेऊन घरी नेऊ लागलो, ओसरीत, पडवीत, देवघराच्या दारापर्यंत. भर दुपारी सगळं गाव ओट्यांवर बसून बघत होतं. एरवी आबांच्या माणसाला आबांचे लोक हातभार लावतात, भाऊंच्या माणसाला भाऊंचे. आम्हाला हातभार लावायला एकही माणूस उठला नाही. दिवस मावळला तेव्हा गंजी अर्धीसुद्धा हलली नव्हती, आणि सडकेवर दोन जीपा एकामागे एक येऊन थांबल्या.