मावशीची फाइल

चाळिशी ओलांडली तरी बेबी घरी बेबीच राहिली. इस्पितळात मात्र तिच्या शब्दाला वजन होतं. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि प्रत्येक आजाराचा ठरलेला कोड संगणकात भरायचा, हे तिचं काम. कॅन्सर कुठे सुरू झाला त्याचा एक कोड, पसरून कुठे गेला त्याचा दुसरा. नुसतं 'काखेत गाठ' एवढंच लिहिलेलं असलं, की ती सर्जनना फोन करायची. "पसरलेला कॅन्सर आहे, की अजून तपासायचंय?" सर्जन वैतागायचे, पण नीट लिहून द्यायचे.

एके दिवशी तिनं पुढची फाइल उघडली, तर वर मावशीचं नाव. वय तेच, पत्ता तोच. जरा खाली गेलं असतं की सगळं कळलं असतं. तिनं फाइल बंद केली आणि शेजारी बसणाऱ्या भाऊंना म्हणाली, "ही तुम्ही करा. घरचं माणूस आहे."

भाऊंनी मान हलवली. दुपारी त्यांनी स्वतःहून तिला चहा आणून दिला आणि हवापाण्याच्या गप्पा मारत बसले. त्यांचा चेहरा वाचायचा नाही असं बेबीनं ठरवलं होतं. तरी दोनदा पाहिलंच.

संध्याकाळी घरी आली, तर मावशी स्वयंपाकघरात खुर्चीच्या टोकावर पाहुणीसारखी बसलेली.

"तुला कळलंच असेल," मावशी म्हणाली. "तुमच्याकडेच तर सगळं येतं."

"फाइल आली होती. मी वाचली नाही. आपल्या माणसाची वाचायची नसते."

मावशीचा चेहरा उतरला. "मला वाटलं, तुला ठाऊक असेल, म्हणजे मला तोंड उघडावं लागणार नाही. तुझ्या काकांनाही अजून बोलले नाही गं."

बेबी समोर खुर्ची ओढून बसली. टेबलावर बोट फिरवत मावशी हळूहळू बोलू लागली. "छातीतल्या गाठीचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. काखेतल्या गाठींतही पसरलाय म्हणाले. तो शब्द ऐकला नि पुढचं काही कानात शिरलंच नाही. अंगभर गेला असणार आता."

कामाचे शब्द बेबीच्या अगदी ओठांवर आले होते. ते तिनं गिळले. "काखेतल्या त्या ग्रंथी गाळणीसारख्या असतात. छातीकडून येणारं आधी तिथे अडकतं. तिथे सापडला म्हणजे अंगभर गेला, असं नाही. बाकी कुठे आहे का, ते वेगळं तपासतात."

"मग बरी होईन मी?"

"ते मला नाही सांगता येणार, मावशी. डॉक्टरांना विचारू. मी येते बरोबर."

"खोटं तरी बोलायचंस."

"तू लगेच पकडलं असतंस."

मावशीला हसू आलं, आणि मग रडूही.

त्याच रात्री तिनं काकांना सांगितलं. स्कॅन झाल्यावर तिघं सर्जनकडे गेले. बेबीला पाहून ते म्हणाले, "आज काय चुकलं आमचं?"

"आज भाची म्हणून आलेय."

सर्जननी कागदावर चित्र काढून दाखवलं. कॅन्सर छातीत आणि काखेत होता, बाकी कुठे दिसत नव्हता. आधी औषधं, मग ऑपरेशन; त्यात काखेतल्या गाठीही काढायच्या, म्हणून नंतर हात आखडू शकतो. मावशीनं एकच विचारलं, "हात वर जाईल ना?"

"व्यायाम केलात तर जाईल."

उपचारांनी मावशीचा जीव मेटाकुटीला आला, पण ती तरली. तपासण्या अजून चालू आहेत. रोज सकाळी ती भिंतीवर बोटं चढवत हात वर नेते, आणि काका शेजारून म्हणतात, "अजून थोडा."

"तुम्हीच करा," म्हणते, आणि हात आणखी थोडा वर नेते.