चुलीवर ओतलेलं पाणी

ज्ञानेश्वरीच्या माहेरी चूल विझवणं म्हणजे उद्याची सोय करणं. साताऱ्याकडच्या त्या डोंगरातल्या गावात सरपण काय आपल्या पायांनी दारात येत नाही, तीन मैलांवरून डोक्यावर आणावं लागतं. म्हणून तिची आई राहीबाई शेवटची भाकरी तव्यावरून उतरली की पेटती लाकडं बाहेर ओढायची, त्यांवर तांब्याभर पाणी ओतायची आणि ती काळी ओली लाकडं अंगणात उन्हाला लावायची. जी बाई काम झाल्यावरही चूल जळू देते ती एक दिवस घर जाळेल, असं तिचं म्हणणं. लेकीला सासरी धाडताना तिने बाकी काय दिलं ते राहू द्या, ही शिस्त मात्र पक्की बांधून दिली होती. आता ह्यात पोरीचं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

तिचा नवरा विलास वाशीच्या मार्केटात माथाडी, कांद्याच्या गोण्या उचलायचा. लग्नानंतर दीड वर्ष ती गावी आणि तो चार गाववाल्यांबरोबर एका खोलीत, असा संसार चालला होता. शेवटी त्र्याण्णव साली सीवूड्सच्या अंगाला, खाडीकाठच्या जुन्या गावात, घरमालकीण शांतीमावशीच्या घराला लागून एक भाड्याची खोली मिळाली. खोली केवढी, तर आडवं झालं की पाय दाराला लागायचे. पण मावशीने पहिल्याच दिवशी भाताचं ताट आणून दिलं, आणि पुढे ज्ञानेश्वरीला ताप भरला तेव्हा दोन दिवस तिच्या उशाशी बसून राहिली. मावशीला दोन मुलगे, दोघेही कामाला बाहेर. लेक नाही. ह्या अख्ख्या नव्या मुंबईत विलास सोडला तर ज्ञानेश्वरीला आपलं म्हणावं असं माणूस ते एकच, आणि ते गमवायची तिची बिलकूल तयारी नव्हती.

त्या दिवशी मावशीचा नवरा रोहिदास पहाटेच होडी घेऊन खाडीत गेला होता. मावशी मासळीची पाटी घेऊन नेरूळला निघाली. पडवीतल्या चुलीवर भात रटरटत होता. जाता जाता तिने ज्ञानेश्वरीला सांगितलं, की भात झाला की उतरव आणि चुलीकडे बघ.

ज्ञानेश्वरीने बघितलं. चांगलं बघितलं. भात उतरवला, तीन जाडजूड लाकडं ढणाढणा जळत होती ती पाहून तिचा जीव कळवळला. तिने कळशी उचलली आणि ओतली. राहीबाईने तांब्याभर ओतलं असतं, हिने मावशीच्या मायेपोटी अर्धी कळशी ओतली. चर्र झालं, राख पार कौलांपर्यंत उडाली. मग तिने लाकडं उचलली, दाराबाहेर ओट्याला टेकवून ओळीने उन्हात उभी केली, पडवी सारवून घेतली आणि मावशी कशी खूश होईल ह्या विचारात स्वतःशीच हसली.

तेवढ्यात समोरून सुंदराबाई आली. आळीतली सगळ्यात म्हातारी बाई, तोंडाला कुलूप कसलं ते माहीत नाही, कावळ्यालासुद्धा चार शब्द ऐकवल्याशिवाय जाऊ देणार नाही अशी. ती लाकडांपाशी थांबली. हातातला डबा तिने खाली ठेवला, पदर तोंडाला लावला आणि एक अक्षर न बोलता ओट्यावर बसली.

ज्ञानेश्वरी म्हणाली, या आजी. सुंदराबाईने नुसती मान हलवली. मग शेजारची आली, ती बसली. मग दोघी आल्या. अर्ध्या तासात ओट्यावर सात बाया झाल्या आणि सातांपैकी कोणी बोलेना. ज्ञानेश्वरी पार गोंधळली. कसली पूजा आहे का आज? मावशी सांगायला विसरली का? घरात कोणी नाही, म्हणजे पाहुणचार आपल्यावर आला, असं समजून तिने आपल्या खोलीतला स्टो पेटवला, चहा केला, मावशीच्या कपबश्या काढल्या. एकीनेही कप उचलला नाही. चहावर साय धरली. आपण भाडेकरू, परगावच्या, म्हणून आपल्या हातचा चालत नसेल असं तिला वाटलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यांतल्या एकीने तिला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

झालं. ज्ञानेश्वरीच्या काळजात चर्र झालं. परक्या बाया उगाच येऊन डोक्यावरून हात फिरवत नाहीत. विलास! मागच्याच महिन्यात मार्केटात गोण्यांची थप्पी कोसळून एकाचा पाय गेला होता. ह्यांना कळलंय आणि मला सांगत नाहीत. विचारायला तोंड उघडलं, पण विचारलं तर ते खरं होईल ह्या भीतीने तिने ते तसंच मिटून घेतलं. तिने हंबरडा फोडला. ती रडायला लागली तशा सातही जणी रडायला लागल्या, आणि त्या रडल्या तशी तिची उरलीसुरली आशाही गेली. कोण कोणासाठी रडतंय ह्याचा कोणालाच पत्ता नव्हता.

अशा वेळी शांतीमावशी रिकामी पाटी कमरेवर घेऊन आळीत वळली. तिने बायका पाहिल्या, मग लाकडं पाहिली. पाटी हातातून सुटली. तिने दाराचा खांब धरला आणि विचारलं, कवा झाला?

सुंदराबाई म्हणाली, "आमाला काय म्हाईत नाय गो. लाकडा बघली नी येऊन बसलू."

मावशी पडवीत गेली. थंड, काळा चिखल झालेली चूल तिने पाहिली आणि तशीच ज्ञानेश्वरीकडे वळली. "पानी कोनी वतला?"

"मी, मावशी."

"कोनी सांगितला तुला?"

"कुणी न्हाई. सरपण वाचावं म्हणून."

मग ओट्यावर एकच गलका झाला, आणि त्या गलक्यातून ज्ञानेश्वरीला हळूहळू उमगत गेलं. ह्या घरांत चूल विझवत नाहीत. निखारे एकत्र ओढून त्यांवर राख घालतात, त्याला चूल निजवणं म्हणतात. सकाळी राख बाजूला केली, फुंकर मारली की ती जागी होते. चुलीवर पाणी पडतं ते घरातलं माणूस गेलं तरच. आणि ओली लाकडं दाराबाहेर ठेवतात ती येणाऱ्याजाणाऱ्याला कळावं म्हणून. घरची बाई येईपर्यंत बोलायचं नाही, गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही आणि त्या घरचं काही तोंडात घालायचं नाही, अशी रीत. मावशीच्या चुलीवर ह्याआधी पाणी पडलं होतं ते नऊ वर्षांपूर्वी, तिची सासू गेली तेव्हा.

म्हणजे विलास धडधाकट होता. ज्ञानेश्वरीला क्षणभर आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाचीच लाज वाटली. कारण रोहिदास अजून आला नव्हता. दुपार कलली, एरवी तो ह्याच्या खूप आधी घरी यायचा. शांतीमावशीने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती नुसती तिच्याकडे पाठ करून खाडीच्या वाटेकडे बघत बसली. ज्ञानेश्वरीच्या डोक्याचा तर भुगा झाला. इथे लाकडावर पाणी ओतलं म्हणून तिकडे होडी बुडते होय? नाही बुडत. पण मग सात शहाण्यासुरत्या बाया उगाच रडल्या का? आईने शिकवलेलं चूक, की इथली रीत खुळी? आणि रोहिदासकाका आलेच नाहीत तर ह्या दारात तोंड कसं दाखवायचं? आपलं बोचकं बांधायला किती वेळ लागेल, ह्याचाही हिशेब तिने मनात करून ठेवला.

तीनच्या सुमाराला आळीच्या टोकाला एक माणूस दिसला. कमरेपर्यंत चिखल, खांद्यावर जाळं, पाय ओढत चाललेला. ओहोटीला होडी गाळात रुतली होती आणि बिचारा रोहिदास दोन तास चिखल तुडवत आला होता. दारात बायकांचा मेळा आणि बाहेर ओली लाकडं पाहून त्याचं तोंड पांढरंफटक पडलं.

"कोन गेला गो?" त्याने विचारलं.

सुंदराबाई म्हणाली, "तू."

मग मात्र हसण्याचा असा कल्लोळ उठला की विचारू नका. फक्त शांतीमावशी हसली नाही. तिने जाऊन रोहिदासच्या दंडाला हात लावून पाहिला आणि मग डोळे पुसले. सुंदराबाई म्हणाली, आता आधी चूल पेटव, आणि स्वतःच लगबगीने घरी जाऊन कौलाच्या तुकड्यावर निखारे घेऊन आली. मावशीने तिला उंबऱ्यावरच अडवलं.

पाणी पडलेली चूल शेजारच्या निखाऱ्याने पेटत नाही, लेकीच्या घरचा विस्तव लागतो, हे सुंदराबाईला काय माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. पण शांतीला लेक कुठे होती? मागच्या वेळी सासूच्या लेकीने, म्हणजे नणंदेने, विस्तव आणला होता. ती आता तळोज्याला, तिला निरोप कधी जायचा आणि ती कधी यायची?

ज्ञानेश्वरी आपल्या खोलीच्या दारात मान खाली घालून उभी होती. मावशीने दुपारपासून पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

"जा गो," मावशी म्हणाली, "तुझा स्टो पेटव. माझे लेकीच्या घरचा इस्तव आन."

ज्ञानेश्वरीला आधी कळेचना. तिने मागे वळून पाहिलं, कोणाला म्हणतेय ही? मागे तिचीच खोली होती. मग ती आत धावली; घाईघाईत तीन काड्या मोडल्या, चौथी पेटली. स्टोवर चिंधीचा काकडा पेटवून, हाताचा आडोसा धरून, रडत रडत तिने तो पडवीत आणला. लाकडं ओली, ती कसली धरतायत. मावशीने फुंकलं, तिने फुंकलं, दोघींच्या डोळ्यांत धूर गेला आणि ते बरंच झालं. शेवटी एक लाकूड धरलं.

स्टो तिकडे जळतच होता. तो विझवावा की नाही, हे तिला काही ठरवता येईना, म्हणून तिने त्यावर परत चहा ठेवला. ह्या वेळी सगळ्यांनी घेतला. सुंदराबाईने दोनदा घेतला आणि साखर कमी आहे म्हणून सांगितलं.