क्लेम मागच्या अंगणात आहे

शुक्रवारी दुपारी मी बाबाकडे गेले तेव्हा तो शिडीवर उभा राहून गॅरेजच्या कोपऱ्यात कॅमेरा बसवत होता. कॅमेरा खोटा होता. आत काही नाही, नुसता लाल दिवा.

"खोटा कशाला, बाबा?"

"खऱ्याकडे लक्ष द्यावं लागतं. खोट्याकडे चोर लक्ष देतो."

"आणि चोराने हे ऐकलं तर?"

"म्हणून तर सांगतोय, हळू बोल."

बाबा कामाला होता तो गाड्यांचा कारखाना बंद झाल्यापासून तो आमच्या गल्लीचा पहारेकरी झाला होता. सॉल्झबरी या आमच्या उपनगरात चोऱ्या पूर्वीही व्हायच्या. स्टेशनाजवळ गाड्यांच्या काचा फुटायच्या, कुणाची सायकल जायची. पण गेल्या हिवाळ्यात समोरची विल्मा मागे कपडे वाळत घालत असताना कुणीतरी पुढच्या दाराने येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावरून तिची पर्स उचलून नेली. विल्मा ऐंशीच्या घरातली, एकटी. त्यानंतर बाबाने सगळ्या गल्लीला आपल्या पोर्चमध्ये बोलावलं, शेगडीवर सॉसेज भाजले आणि नियम सांगितले. कुणी गावाला गेलं तर त्याची वाच्यता करायची नाही, फोनवर तर मुळीच नाही. त्याची कचऱ्याची बिन आपण बाहेर ठेवायची, आपणच आत घ्यायची. त्याच्या दारात आपली गाडी लावायची. आणि कुणी फोन करून चौकशी केली तर एकच उत्तर: तो मागच्या अंगणात आहे.

"मुलगा बोलतोय, मुलगी बोलतेय असं सांगितलं, तर आधी तेच सांगायचं," तो म्हणाला होता. "हल्लीचे भामटे तसंच बोलतात."

मला हे सगळं थोडं हास्यास्पद वाटायचं. त्या दिवशी तो माझ्या फ्लॅटच्या दाराला साखळी बसवायची म्हणून मागे लागला.

"मी दुसऱ्या मजल्यावर राहते, बाबा."

"चोरांना जिने वर्ज्य आहेत असं तुझ्या पुस्तकांत लिहिलंय का?"

मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते. माझ्याशी वाद घालताना तो नेहमी पुस्तकांना मध्ये ओढायचा. "बघू," मी म्हणाले. त्याने हत्यारांची पेटी जरा जोरातच बंद केली. मग चहा झाला. त्याने कोंबड्यांची अंडी आणि झाडाची लिंबं पिशवीत घालून दिली. अंधारून आल्यावर मी निघाले, तेव्हा तो दारात उभा होता.

"पोचलीस की तीन रिंग दे, रो."

ही आई असल्यापासूनची पद्धत. घरी पोचायचं, तीन रिंग द्यायच्या, फोन ठेवायचा. त्याने कधी उचलला नाही आणि मी कधी काही बोलले नाही. बोलायचं काय होतं? त्या दिवशीही मी तीन रिंग दिल्या आणि अंडी फ्रिजमध्ये ठेवली.

रविवारी फुटबॉलचा सामना संपला की त्याचा फोन यायचा. त्या रविवारी आला नाही. मी केला, तर मशीनवर त्याचा आवाज: "आम्ही सगळे मागच्या अंगणात आहोत, कुत्र्याला आंघोळ घालतोय. निरोप ठेवा." आमच्याकडे कुत्रा कधीच नव्हता. यंत्राशी काय बोलायचं, म्हणून मी ठेवून दिला. मग विल्माला फोन लावला. तिचा नंबर बाबाने माझ्या फ्रिजवर चिकटवून ठेवला होता.

"विल्मा, मी रोवेना बोलतेय, क्लेमची मुलगी. बाबा घरी आहे का?"

"आहे ना. मागच्या अंगणात आहे."

"बरा आहे?"

"ठणठणीत," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

म्हणजे साखळीवरून रुसलाय, असं मी धरून चालले.

मंगळवारी पोलीस शाळेत आले. व्लाहोस नावाची तरुण कॉन्स्टेबल होती. तिने मला पुस्तकांच्या कपाटांमधल्या छोट्या खुर्चीवर बसवलं. शेजारच्या दाओ नावाच्या गृहस्थांनी बाबाला धुण्याच्या खोलीत पडलेला पाहिलं होतं. कोंबड्या ओरडत होत्या म्हणून ते कुंपण ओलांडून आत गेले आणि खिडकीतून त्यांना तो दिसला. हृदय बंद पडलं असावं, लगेच गेला असावा, असं डॉक्टरांचं म्हणणं. शुक्रवारी संध्याकाळी किंवा रात्री.

"शक्य नाही," मी म्हणाले. "रविवारी तो मागच्या अंगणात होता."

"तुम्ही पाहिलं?"

"विल्माने पाहिलं."

तिने वहीत विल्माचं नाव लिहून घेतलं.

त्यानंतरचे दिवस मला नीट लावता येत नाहीत. काहीच कशाशी जुळत नव्हतं. बाबा शुक्रवारी गेला असेल, तर शेजाऱ्यांनी पाहिलेली त्याची पिवळ्या झाकणाची बिन सोमवारी सकाळी रस्त्यावर कशी आली, आणि संध्याकाळी आत कशी गेली? दिवाणखान्यातला दिवा रोज लागत होता, रेडिओ चालू होता. दिवा आपोआप लागावा म्हणून टायमरच्या घड्याळाला जोडलेला आहे आणि रेडिओ बाबा रात्रंदिवस चालूच ठेवतो, हे मला माहीत होतं, पण त्याच्या दारात एक गाडीही उभी असायची, ती कुणाची? व्लाहोस घरोघर गेली. अर्ध्या गल्लीने सांगितलं, क्लेम घरीच होता. उरलेल्या अर्ध्या गल्लीने सांगितलं, तो गावाला गेला होता. मागचं फाटक उघडं सापडलं.

"घरात दुसरं कुणी राहत होतं का?" तिने मला विचारलं.

मी नाही म्हणाले. पण नंतर दोन दिवस माझ्या डोक्यात तेच होतं. कुणीतरी अनोळखी माणूस बाबाच्या घरात दिवे लावत, रेडिओ ऐकत, बिन ओढत वावरतो आहे आणि बाबा धुण्याच्या खोलीत पडला आहे. आणि मग दुसरा विचार यायचा, जो त्याहून वाईट होता. डॉक्टर चुकले असतील. विल्मा खरं बोलली असेल. रविवारी फोन वाजला तेव्हा तो तिथेच असेल आणि माझा आहे हे ओळखून त्याने तो वाजू दिला असेल.

गुरुवारी दुपारी शेजारी बाबाच्या पोर्चमध्ये जमले. कुणी ॲपल पाय आणला, कुणी केक. दाओंनी भाताचं मोठं पातेलं आणलं आणि ते कुठे ठेवावं हे न कळून ते हातात धरूनच उभे राहिले. व्लाहोसही आली होती.

"ती बिन," मी विचारलं. "सोमवारची. ती कुणी ठेवली?"

दाओ गोंधळले. "मीच. मला वाटलं, क्लेम तुमच्याकडे गेलेत."

"माझ्याकडे?"

"दोन दिवस दिसले नाहीत. सांगून जायचं नाही हा नियम त्यांचाच. मग मीही कुणाला बोललो नाही. फाटक माझ्याकडूनच उघडं राहिलं असेल. गाडी पण माझीच."

"अहो, तुमची बिन आत-बाहेर होताना पाहिली म्हणून तर मी निर्धास्त होतो," कोपऱ्यावरचा एकजण म्हणाला. "म्हटलं, क्लेम आहे घरी."

"क्लेमचीच ना?" दाओंनी विचारलं.

"हो, क्लेमचीच. तुम्ही ठेवलेली."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. व्लाहोसने वही मिटली. विल्मा एकटीच खुर्चीवर बसून होती, आल्यापासून तिने केकला हात लावला नव्हता.

"रविवारी मला एक फोन आला होता," ती म्हणाली. "बाई म्हणाली, मी क्लेमची मुलगी. मी म्हटलं, आली बया. क्लेमने शिकवलं होतं ते सगळं बोलले. त्याला सांगणार होते, कशी फसवली तिला."

"ती मीच होते, विल्मा."

"हो गं. आता बोललीस तेव्हा कळलं." तिने तोंडावर हात ठेवला. "फोनवर तुझा आवाज कधी ऐकलाच नव्हता मी. मला तुझ्या फक्त रिंग माहीत."

"रिंग कशा माहीत?"

"ऐकू कुठे यायच्या! तू निघालीस की तो पुढच्या दारावरचा दिवा लावायचा आणि तू पोचलीस की विझवायचा. मी विचारलं होतं एकदा, वीज का जाळतोस? म्हणाला, रो रस्त्यावर आहे अजून. मग मीही बसायला लागले खिडकीशी. दिवा विझला की पडदा ओढायचा आणि झोपायचं."

मला हे ठाऊक नव्हतं. निघताना आरशात तो दिवा मी किती वेळा पाहिला असेल. तो नेहमीच लागलेला असतो, असं मला वाटायचं.

"शुक्रवारी?" मी विचारलं.

"काय शुक्रवारी?"

"शुक्रवारी विझला का?"

विल्माने आठवून पाहिलं. सगळे तिच्याकडे बघत होते. आपण का बघतोय हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

"विझला ना," ती म्हणाली. "मी झोपले ना त्यानंतर."

मी उठून आत गेले. घड्याळ फक्त दिवाणखान्यातल्या दिव्याला होतं. पुढच्या दारावरच्या दिव्याचं बटण दाराशेजारी होतं, साधं, हाताने दाबायचं. ते बंद होतं. व्लाहोस माझ्या मागे आली होती.

"आम्ही आलो तेव्हाही बंदच होतं," ती म्हणाली. "महत्त्वाचं आहे का?"

"तुमच्यासाठी नाही," मी म्हणाले.

निघताना दाओ माझ्या गाडीमागून त्यांची गाडी घेऊन आले. बाबाने विकत घेऊन ठेवलेली साखळी त्यांनी माझ्या दाराला बसवली आणि दोनदा ओढून पाहिली. ते गेल्यावर मी ती लावली. मग बाबाचा नंबर फिरवला. एक, दोन, तीन रिंग झाल्या आणि सवयीने माझा हात फोन ठेवायला निघाला. मी ठेवला नाही. आम्ही सगळे मागच्या अंगणात आहोत, बाबा म्हणाला, कुत्र्याला आंघोळ घालतोय. मग निरोपाआधीचा तो बारीक 'बीप' आवाज आला.

"बाबा," मी म्हणाले, "रो बोलतेय. मी घरी पोचले."